गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात सोडा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत संयोजकांनी विषय छापलाय, ‘सकाळी गाडी का थरथरते : निदान आणि उपाय’. उपायाकडे येतो, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. निफाडला पारा किती उतरला हे आपण नाशिककर पेपरात वाचतो खरं, पण त्याची बातमी पार्किंगमधून आधीच आलेली असते. सेल्फ मारला की एकेक गाडी कण्हायला लागते. हसताय म्हणजे त्यातली एखादी तुमची दिसते.

तर आमचे मेहुणे. त्यांची पेट्रोल हॅचबॅक थंडीत सुरू झाली की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणारा काटा सहाशे ते हजार असा नाचायचा, स्टिअरिंग थरथरायचं आणि गेटपाशी ब्रेक लावला की गाडी बंद. दहा मिनिटांनी मात्र एकदम शहाणी. मेहुणे अंघोळ, पूजा, पोहे आटोपून अकराला निघणार आणि इंदिरानगरहून अंबडपर्यंत गाडी चालवत गॅरेजात नेणार. तोवर इंजिन गरम. सुपरवायझर म्हणतो, ‘सर, कुठे काय मिसिंग मारतेय? दाखवा ना.’ दवाखान्यात पाऊल टाकताच ताप उतरतो, त्यातलाच प्रकार.

आता गिऱ्हाईक तर समोर उभं आहे, त्याला रिकाम्या हाती कसं पाठवणार? आधी प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर कायम. मग प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप साफ, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ, शेवटी पेट्रोलचा पंपसुद्धा नवा. दर वेळी गाडी अकरानंतर तपासायची आणि संध्याकाळी गरम गरम परत द्यायची. जुने पार्ट पिशवीत घालून प्रामाणिकपणे परत केले, हे मात्र मान्य करायला हवं. ताई म्हणाली, ‘अजून थोडे जमले की दुसरी गाडी होईल.’ माझी तक्रार मेकॅनिकच्या हाताबद्दल नाही, हात चांगला होता. पण ज्या वेळी दुखणं असतं त्या वेळी गाडी कोणी पाहिलीच नव्हती.

पूर्वी हे सोपं होतं. 1983 साली मारुती 800 आली तेव्हा तिला हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर होता आणि डॅशबोर्डवर चोक. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतींना चिकटून राहतात, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. ते वाढवायचं काम आपण चोक ओढून करायचो. आत ढकलायचा विसरलात की प्लग काळे आणि ॲव्हरेजचे बारा. आता इंजेक्शनच्या गाड्यांत तो हिशेब कॉम्प्युटर करतो. गरम इंजिनात वजनानं साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल, आणि ते प्रमाण बरोबर आहे का हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो. पण हा सेन्सर तीनएकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणजे सुरुवातीचा काही वेळ कॉम्प्युटरला मागून सांगणारं कोणी नाही. तो मुख्यतः कूलंटमधल्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातल्या तापमानाच्या सेन्सरवर भरवसा ठेवून पेट्रोल सोडतो.

मेहुण्यांची गाडी शेवटी मी रात्री एका ओळखीच्या फिटरकडे सोडायला लावली. त्यानं पहाटे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र लावलं. बाहेर अकरा अंश आणि कूलंट सेन्सर म्हणतोय पंचेचाळीस! इंजिन कोमट आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल कमी देत होता. चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता, कारण पंचेचाळीस हा आकडा अशक्य वाटावा असा नाही. सेन्सर काही शेकड्यांत आला. आणि पंपाचे झाले होते... जाऊ द्या, ते इथेच बसलेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे आता मुख्य विषय. भराभर सांगतो.

रात्रभर उभ्या गाडीची चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी हवीत. उणे चाळीस दिसलं तर बहुधा वायर तुटली किंवा कनेक्टर निघालाय. मग सुरू करा. आरपीएम आधी हजाराच्या बराच वर जाऊन, इंजिन तापेल तसा सातशे-आठशेवर उतरायला हवा. वर चढतच नसेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा ॲक्सिलरेटर न दाबता हवा सोडणारा आयडलचा व्हॉल्व्ह बघा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केला तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरनं रीसेट करावा लागतो, ते विसरतात आणि मग ‘साफ केल्यापासून बिघडली’ म्हणतात.

सेन्सर ठीक असेल तर व्हॅक्यूम पाइप आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातलं गॅस्केट बघा. थंडीत रबर आकसतं, फट पडते. गरम झालं की फुगून बुजते. सुंईऽऽ आवाज ऐका किंवा धुराची टेस्ट करून घ्या. फट शोधायला इंजिन चालू असताना क्लीनरचे फवारे मारू नका, पेट घेतो. चावी दोनतीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी नीट सुरू होते? मग रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. उलट काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टर टपकत असावा. प्लग आणि कॉइल यांचा नंबर स्कॅनर मिसफायरचा, म्हणजे जाळ चुकवणारा सिलिंडर दाखवेल तेव्हा.

सीएनजीवाल्यांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते आणि मग गॅसवर जाते. टाकीत महिनोन्‌महिने तेच तळाचं पेट्रोल ठेवलंत तर ते शिळं होतं, इंजेक्टर चिकटतात. अधूनमधून ताजं भरा आणि पेट्रोलवर थोडं पळवा.

आणि हो, सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवणारे काका मागच्या रांगेत दिसतायत. अर्धा मिनिट पुरे, मग हळू चालवत निघा. तशीच उभी ठेवलीत तर पेट्रोल जातं, आणि वरच्या मजल्यावरचे जागे होतात ते वेगळंच.