दफ्तर, हातपंखा आणि कूलरची घरघर

मंडळी, परदेशी सिनेमा दाखवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका ठरलेली असते. संथ असतो, कळत नाही, माणसं मधेच उठून जातात. जळगाव घ्या, अमळनेर घ्या, शहादा घ्या, बोलणं तेच. ही तक्रार खोटी नाही. पण तिचं कारण बहुतेक वेळा सिनेमात नसतं, दाखवण्यात असतं. चित्र आडवं ताणलेलं, पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी (सबटायटल्स) मागे पडलेल्या, बाजूला कूलर घरघरतोय. अशा हॉलमध्ये जपानी दिग्दर्शक ओझू कंटाळवाणा वाटला तर त्यात ओझूचा काय दोष? म्हणून आज सिनेमांबद्दल बोलता बोलता प्रोजेक्टरबद्दलही बोलावं लागणार आहे.

ओझूपासूनच सुरू करू. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३ सालचा. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्युटी पार्लर, सवड कुणालाच नाही. शेवटी दोघांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. माया लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. गावाकडचे आई-बाप पुण्याला नाहीतर सुरतेला मुलाकडे आठ दिवसांसाठी जातात आणि चौथ्या दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करायला लागतात, हे खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागेल?

आता कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही थोडा खाली. लेन्स ५० मिलिमीटरची, आणि कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. पंगतीला मांडी घालून जेवलेल्या माणसाला ही उंची लगेच ओळखू येते. आणखी एक गोष्ट, हातपंखे. उन्हाळ्याचे दिवस आहेत, घरात प्रत्येक जण पंखा हलवत बोलतोय. नोरिको आपल्या लहानशा खोलीत सासू-सासऱ्यांना जेवू घालते आणि शेजारी बसून त्यांना वारा घालत राहते. संवाद साधेच आहेत, पण कोण स्वतःला वारा घेतोय आणि कोण दुसऱ्याला घालतोय यावर नजर ठेवा. सगळं कुटुंब त्यात कळतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या प्रेक्षकाला हा पंखा टोकियोतल्या प्रेक्षकाइतकाच कळेल, अशी माझी खात्री आहे.

पण हे दिसायला चित्र त्याच्या मूळ आकारात हवं. 'टोकियो स्टोरी', इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज', जपानी कुरोसावाचे 'राशोमोन' आणि 'सेव्हन समुराई', सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली' या सगळ्यांची चौकट (रुंदी : उंची) १.३७ : १, म्हणजे चौकोनाच्या जवळ जाणारी. आपला पडदा १६ : ९. समजा तो १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच आहे. त्यावर या सिनेमांचं चित्र सव्वानऊ फुटांचंच भरलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना सुमारे एक फूट साडेचार इंच काळी पट्टी राहिली पाहिजे. इथेच कुणीतरी म्हणतं, एवढा पडदा वाया का घालवायचा? मग रिमोट घेऊन 'फुल' दाबलं जातं. त्याने माणूस तीस टक्के रुंद होतो, नोरिकोचा चेहरा फुगतो. 'झूम' केलं तर आणखी वाईट, कारण वरचं छत आणि खालची चटई दोन्ही कापली जातात, आणि ओझूचा तर अर्धा सिनेमा त्या चटईवरच असतो. म्हणून आस्पेक्ट (चित्राच्या आकाराची सेटिंग) 'ऑटो' किंवा 'नॉर्मल'वर ठेवा. उलट कुरोसावाचाच 'योजिंबो' (१९६१) २.३५ : १चा आहे. त्याच पडद्यावर त्याची उंची पाच फूट एक इंच भरेल, वर-खाली दहा-दहा इंच काळं राहील. ते तसंच राहू द्या.

प्रोजेक्टरच्या मेनूत 'मोशन' नावाने जे काही असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. यंत्र मधे स्वतःची चित्रं घुसडायला लागलं की कुरोसावाचा पाऊस टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. मूकपटांची गोष्ट वेगळी. ते हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, बरेचदा सेकंदाला १६ ते २० चित्रांच्या वेगाने घेतलेले असत. ते २४ने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि आपण समजतो, जुनी माणसं तशीच चालायची.

उजेडाचं गणित तर सोपं आहे. डिजिटल थिएटरमध्ये पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात. १२ गुणिले पावणेसात म्हणजे ८१ चौरस फूट. ८१ गुणिले १४, साधारण ११३५ ल्युमेन, म्हणजे प्रोजेक्टरमधून एवढा उजेड निघायला हवा. मग २५०० ते ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर कशाला? कारण खोक्यावरचा आकडा 'डायनॅमिक' मोडचा असतो. त्यात चेहरे निळसर पडतात. 'सिनेमा' मोड लावला की उजेड बरेचदा निम्म्यावर येतो, आणि आपल्याला तोच मोड हवा. पण हॉलमध्ये खिडकीतून एक उन्हाची फट येत असेल तर हे सगळं गणित वाया. 'राशोमोन'मध्ये कॅमेरामन मियागावाने जंगलात आरसे लावून ऊन चेहऱ्यांवर फिरवलं होतं, आणि पडद्यावर पाऊस दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. तो काळा रंग फटीतल्या उजेडाने राखाडी होतो. खिडक्यांना दुहेरी काळं कापड आणि कडेला चिकटपट्टी लावा. शक्य असेल तर खेळ दिवे लागणीनंतरच ठेवा.

आता खालच्या ओळी. माझ्या मते आपल्याकडे सिनेमा पडतो तो इथे. दोन दोष असतात आणि लोक त्यांत गल्लत करतात. ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच मागे असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर 'जी' आणि 'एच' या कळा आहेत. एका दाबाला ५० मिलिसेकंद पुढे-मागे. पण सुरुवातीला बरोबर असलेली ओळ हळूहळू लांब जात असेल, तर कळ दाबून उपयोग नाही. सिनेमा सेकंदाला २३.९७६ (म्हणजे जवळजवळ २४) चित्रांच्या वेगाचा आणि ओळींची फाइल युरोपातल्या २५च्या प्रतीवरून केलेली, असं झालेलं असतं. चार टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ. पण ८९ मिनिटांच्या 'बायसिकल थीव्हज'च्या शेवटी तो साडेतीन मिनिटांच्या पुढे जातो, आणि बाप रडतो तेव्हा खाली भलतंच वाक्य असतं. 'सबटायटल एडिट' हे फुकट सॉफ्टवेअर फाइलचा वेग बदलून देतं. देवनागरी ओळींची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीतच साठवा, नाहीतर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. आणि पडद्याची खालची कड खुर्च्या असतील तर जमिनीपासून किमान चार फूट, सतरंजी असेल तर तीन फूट वर ठेवा. नाहीतर दुसऱ्या रांगेपासून फक्त डोकी दिसतात.

शक्यतो ओळी मराठीतच करा. इंग्रजी वाचता येणाऱ्यालाही इंग्रजी ओळ वाचायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात चेहरा निघून गेलेला असतो. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५-४० अक्षरांपेक्षा जास्त नको. भरलेल्या दोन ओळींना पाच-सहा सेकंद द्या. हे काम करताना मराठी काय काय देऊन जाते बघा. डी सिकाच्या सिनेमाचं इटालियन नाव अनेकवचनी आहे, 'चोर', एक चोर नव्हे. अमेरिकेत ते एकवचनी करून टाकलं होतं. अनेकवचन का, ते शेवटच्या काही मिनिटांत कळतं. मराठीत 'सायकलचोर' म्हणा. एक असो की अनेक, शब्द तोच, आणि गुपित शेवटपर्यंत गुपितच राहतं. त्याच सिनेमात सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. दुकानातला माणूस त्यांचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतो, चढतच राहतो, आणि वरपर्यंत रचलेली दुसऱ्यांची गाठोडी दिसतात. कॅमेरा त्यावर एक शब्द बोलत नाही. पेरणीच्या आधी डाग गहाण पडलेलं घर ज्याने पाहिलंय, त्याला तिथे ओळींची गरजच नाही.

कियारोस्तामीचा १९८७चा इराणी सिनेमा तर आपल्यासाठी सर्वांत जवळचा. मूळ नाव 'खाने-ये दुस्त कोजास्त?' 'खाने' म्हणजे घर, आपल्या दवाखान्यातलं, कारखान्यातलं खाना, आणि 'दुस्त' म्हणजे आपला दोस्त. अहिराणीत म्हणा, "दोस्तनं घर कोठे शे?" शाळकरी अहमद चुकून वर्गमित्राची वही घरी आणतो. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मास्तर त्या मुलाला शाळेतून काढणार आहेत. म्हणून हा कोकेरहून पोश्तेहला, टेकडीवरची नागमोडी वाट चढून, घर शोधत पळतो. सिनेमाभर 'दफ्तर' हा शब्द कानावर पडतो. आपल्या कानाला ते पाठीवरचं दप्तर वाटतं, पण फारसीत त्याचा अर्थ वही. खाली 'वही' लिहा आणि खेळाआधी प्रेक्षकांना हे एका वाक्यात सांगा. मग हॉलमधली पोरं तो शब्द कानांनी पकडायला लागतात, आणि आई मुलाचं ऐकून न घेता पुन्हा पुन्हा 'गृहपाठ कर' म्हणते तेव्हा त्यांना ओळी वाचाव्याच लागत नाहीत. वर्षभराच्या खेळांची सुरुवात याच सिनेमाने करा. ८३ मिनिटांचा आहे, मध्यंतर लागत नाही. 'सेव्हन समुराई' २०७ मिनिटांचा आहे, पण त्याचं मध्यंतर कुरोसावानेच ठेवलंय. चहा तिथेच द्या, घड्याळ बघून नको.

कूलरबद्दल सांगायचं राहिलं. खेळाआधी अर्धा तास कूलर जोरात चालवून हॉल गार करून घ्या आणि नावं सुरू झाली की बंद करा. ओझूच्या सिनेमात लांबून येणारा बोटीच्या इंजिनाचा आवाज कूलरखाली पूर्ण बुडतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस लावा. वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो, दहा मिनिटं पुरतील एवढी बॅटरी बस.

आणि ट्यूबलाइटच्या बटणाशी जो बसेल, त्याला शेवट आधी दाखवून ठेवा. कियारोस्तामीच्या सिनेमात मास्तर वही उघडतात, पानावर एक वाळलेलं फूल असतं, आणि सिनेमा तिथेच संपतो. त्याला सांगा, पडदा काळा झाल्यावर दहापर्यंत मोज, मगच बटण दाब.