कोर्स संपल्यावर आलेली कावीळ

नमस्कार. मी फार्मासिस्ट आहे, सदाशिव पेठेत आमचं मेडिकल आहे. गेल्या वर्षी आमचे नेहमीचे एक काका आले, सत्तरीचे. म्हणाले, "अंगाला फार खाज सुटते गं, कॅलामाइन दे." हातांवर नखांचे पांढरे ओरखडे होते, पण पुरळ एकही नाही. तिथेच मला खटकलं. ऍलर्जीची खाज असती तर गांधी उठल्या असत्या.

त्यांना दुकानाबाहेर उन्हात आणलं, कारण ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. खालची पापणी ओढायला सांगितली. हळदीचं बोट लागावं तसा डोळा! "लघवी कशी होते?" "कोऱ्या चहासारखी. म्हटलं, पाणी कमी पडत असेल." "मागच्या दोन महिन्यांत काही अँटिबायोटिक?" "छे." मग जरा वेळाने, "हां, दाढेसाठी पाच दिवस घेतलं होतं. पण ते संपून तीन आठवडे झाले की!"

हीच खरी अडचण आहे. गोळी चालू असताना काही झालं तर आपण गोळीवर संशय घेतो. हा त्रास मात्र कोर्स संपल्यावर, कधी कधी सहा-आठ आठवड्यांनीही होतो. तोवर पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं.

(पाकीट कॅमेऱ्याजवळ धरून) ही ती गोळी. तुम्ही 'सहाशे पंचवीस' म्हणून मागता ती. 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ऍसिड. अमॉक्सिसिलिन जंतू मारतं. काही जंतू एक एन्झाइम सोडून त्यालाच निकामी करतात, आणि क्लॅव्ह्युलॅनिक ऍसिड त्या एन्झाइमला अडवतं. यकृताचा त्रास बहुतेक याच्यामुळे होतो असं मानतात, कारण नुसत्या अमॉक्सिसिलिनने तो फारच कमी दिसतो. पित्ताचा प्रवाह अडखळतो, म्हणून खाज, गडद लघवी, पांढुरकी शी.

घाबरू नका. आइसलँडमधल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ही गोळी घेणाऱ्या साधारण 2350 जणांमागे एक असं निघालं. वय जास्त असेल, हाच कोर्स वारंवार झाला असेल, तर धोका वाढतो. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला की यकृत दुखावतं, तसं हे डोस जास्त झाल्याने होत नाही. त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीची जनुकीय ठेवण यात भाग घेते, त्यामुळे आधी ओळखता येत नाही. न्यूमोनियाला डॉक्टरांनी हीच गोळी दिली तर पूर्ण घ्या. साध्या सर्दीला मात्र माझ्याकडे मागू नका, मी देणार नाही.

आता पुण्याचं. पावसाळ्यात कावीळ झाली की आपण म्हणतो, पाणी बाधलं. बरेचदा खरंही असतं. पाण्यातून येणाऱ्या हेपटायटीस ई या काविळीच्या विषाणूवर आपल्या इथल्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, वर्षानुवर्षं काम केलंय. उलटंही घडतं: अमेरिकेत औषधावर ठपका ठेवलेल्या काही रुग्णांत नंतर हेपटायटीस ई निघाला. म्हणून डॉक्टर लिव्हर फंक्शन टेस्ट, हेपटायटीसच्या तपासण्या, सोनोग्राफी असं सगळं करतात. बाकी कारणं वगळल्यावरच औषधाचं नाव घेता येतं, आणि ते घ्यायला तुम्ही काय काय घेतलंत हे त्यांना कळायला हवं. काढे आणि चूर्णंही सांगा. कावीळ उतरवून घ्यायला, नाकात थेंब टाकून घ्यायला कृपा करून जाऊ नका. त्यात दिवस जातात, आणि मोजक्या रुग्णांत यकृत पार निकामी होऊ शकतं.

टीबीची औषधं चालू असलेल्यांना वेगळं सांगते. भारतात औषधाने यकृत दुखावण्याचं सर्वात मोठं कारण तीच औषधं आहेत. मळमळ वाढली, जेवण नकोसं झालं, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुढे काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.

काकांची खाज जायला अडीच महिने लागले. आता रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी 1800-180-3024 या सरकारी हेल्पलाइनवर नोंद केली. साइड इफेक्ट तुम्ही स्वतःही तिथे कळवू शकता.

ही गोळी काकांनी पुन्हा कधीच घ्यायची नाही. पण ती कितीतरी कंपन्यांच्या कितीतरी नावांनी मिळते. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने ब्रँड नाही, 'क्लॅव्ह्युलॅनिक ऍसिड' असं लिहून दिलंय. पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरात, ते असतंच. (पाकीट उलटं करून) हे बघा, इथे.