दम लागतो तेव्हा मेंदूला काय कळतं?

मंडळी, २०२० साली मुंबईत आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावायला शिकलो. आकडा ९७ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. पण आम्ही डॉक्टर तेव्हा भलतंच काहीतरी बघत होतो. आकडा ८० वर आलेला, आणि पेशंट फोनवर निवांत बोलतोय! याउलट हृदय कमजोर झालेल्या एखाद्या आजींचा आकडा चांगला असतो, तरी त्या रात्रभर उशांना टेकून बसून असतात. आडवं झालं की गुदमरतं. म्हणजे रक्तातला ऑक्सिजन आणि दम लागणं यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. फुफ्फुसं मेंदूला आणखीही काही कळवत असतात. ते काय, याचा छडा लावण्यात ज्यांची हयात गेली, त्या अवतार सिंग पेंटल यांच्याबद्दल आज बोलणार आहे.

जन्म १९२५ चा, ब्रह्मदेशात. लखनौला डॉक्टरकी, मग एडिंबरात डेव्हिड व्हिटरिज यांच्या हाताखाली पीएचडी. चरित्र इतकंच पुरे. मला त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल सांगायचंय.

मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस आहे. हजारो मज्जातंतूंचा जुडगा. यातले बहुतेक तंतू हुकूम खाली नेत नाहीत, खालची खबर वर नेतात. फुफ्फुसं फुगली की ती खबर व्हेगसमधून जाते आणि श्वास घेणं आपोआप थांबतं, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ मध्येच दाखवलं होतं. पण ते जाड, वेगवान तंतूंचं काम. बारीक, मायलिनचं (तंतूवरच्या चरबीयुक्त वेष्टनाचं) आवरण नसलेले तंतू हाती लागणं महाकठीण, कारण त्यांतला विद्युत संदेश अगदी क्षीण. पेंटल मांजराची व्हेगस लिक्विड पॅराफिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली उकलत जायचे. सुतळीचे पदर सोडवत शेवटी एकच धागा हाती ठेवावा, तसं. तो एकटा तंतू इलेक्ट्रोडवर घ्यायचा आणि ऐकायचं.

१९५५ च्या त्यांच्या शोधनिबंधात हे तंतू कशाकशाने चेतवले, ते वाचताना मला अजून गंमत वाटते. फिनाइल डायग्वानाइड नावाचं रसायन, निकोटिन, आणि चक्क बटाट्याचा स्टार्च! शिरेतून सोडलेले स्टार्चचे कण फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि तंतू बोलू लागतो. पण निसर्गात कोण कुणाच्या शिरेत बटाटा घालतं? १९६९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. या तंतूंची टोकं केशवाहिनी आणि वायुकोश यांच्यामधल्या इवल्याशा फटीत असतात. केशवाहिनीतला दाब वाढून तिथे पाणी झिरपलं की ती चेतवली जातात. हेच ते ‘जे (J) रिसेप्टर’, म्हणजे खबर टिपणारी टोकं. आता त्या आजींकडे बघा. आडवं झाल्यावर छातीत जास्त रक्त येतं, आधीच तुंबलेल्या फुफ्फुसांत पाणी साठतं, आणि मेंदूला खबर जाते. अशा पेशंटला लघवी वाढवून पाणी काढणारं औषध दिलं की आराम पडतो.

पेंटल आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं, धडधाकट माणसालाही हीच यंत्रणा आवरते. दादरच्या पुलाचा जिना धावत चढलात, की फुफ्फुसांतला रक्तप्रवाह वाढतो, ही टोकं जागी होतात, श्वास उथळ आणि जलद होतो. मांजरात तर पायांचे स्नायूही ढिले पडलेले दिसले. थोडक्यात, ‘आता थांब’. माणसांत लोबेलिन हे द्रव्य शिरेतून देऊन प्रयोग झाले, तेव्हा लोकांनी घशात आणि छातीत कोंडल्यासारखं, चिमटल्यासारखं वाटतं असं सांगितलं.

हे बरंचसं काम दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधलं. छातीच्या रोगांच्या संस्थेत बसून हा माणूस नसांचा अभ्यास करत होता! आमच्याकडे परळला आजही छातीवाले एका वॉर्डात आणि मेंदूवाले दुसऱ्या, एकमेकांशी बोलणं रेफरन्सच्या चिठ्ठीपुरतं. १९८१ मध्ये पेंटल ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले. १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज ही संस्था उभी राहिली, विज्ञानातली लबाडी उघड करण्यासाठी. अशा कामात मित्र कमीच होतात.

तेव्हा त्यांच्या सिद्धांतालाही तोच कस लावू. फुफ्फुसांचं प्रत्यारोपण होतं तेव्हा व्हेगसचे हे तंतू कापले जातात. तरीही त्या माणसांना जिना चढताना दम लागतो. म्हणजे दम लागण्याची सगळी जबाबदारी जे रिसेप्टरवर टाकता येत नाही. श्वासाच्या स्नायूंवर पडणारा ताण, रक्तातला कार्बन डायऑक्साइड, मनातली भीती, या सगळ्या खबरा मेंदूत एकत्र येतात. स्कॅनमध्ये दिसतं, की दम कोंडल्यावर मेंदूतला इन्सुला नावाचा भाग सक्रिय होतो. दुखतं तेव्हाही तोच भाग सक्रिय होतो. त्या सगळ्या गलबल्यात पेंटलांच्या तंतूंचा वाटा नेमका किती, यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.