ब्रिटनमध्ये ‘काम झेपतं का?’ हे कसं ठरवतात: यूसी५० फॉर्म भरण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, घेणाऱ्या माणसाला आजारपणामुळे काम झेपत नसेल, तर सरकार त्याची वर्क केपेबिलिटी असेसमेंट, म्हणजे काम करण्याच्या क्षमतेची तपासणी, करतं. ही पद्धत २००८ पासून आहे. तिथल्या मराठी घरांतही या तपासणीचा यूसी५० फॉर्म येतो, आणि तो घाईत भरला जातो.

आधी एक महत्त्वाचं. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) अशी अट असेल, तर हा भत्ता मागूच नका, व्हिसा अडचणीत येऊ शकतो. ही अट ज्यांना नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

सुरुवात होते जीपीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, फिट नोटपासून: काम झेपत नसल्याचा दाखला. ती दिल्यावर यूसी५० फॉर्म येतो, त्यावर परत पाठवायची तारीख असते. सबळ कारणाशिवाय ती चुकली, तर तुम्हाला काम झेपतं असंच धरलं जातं.

आता नीट ऐका. या तपासणीत आजाराच्या नावाला एकही गुण नाही. ‘मला संधिवात आहे’ एवढं लिहिलंत, तर पानभर लिहूनही शून्य. बघतात ते काय करता येत नाही. अशा १७ क्रिया आहेत: १० शरीराच्या, ७ मन आणि बुद्धीच्या. प्रत्येकीला ०, ६, ९ किंवा १५ गुण. बेरीज १५ झाली की काम करण्याची क्षमता मर्यादित आहे हे मान्य होतं. एका क्रियेतले फक्त सर्वांत जास्त गुण धरतात.

[पडद्यावर: ९ + ६ = १५]

समजा, एका काकूंचे गुडघे गेलेत. १०० मीटरच्या पुढे थांबल्याशिवाय जाता येत नाही: ९ गुण. कामाच्या जागी उभं राहून, बसून किंवा दोन्ही आलटून पालटून करूनही तासाभराच्या वर टिकता येत नाही: ६ गुण. झाले १५. पण इथेच घात होतो. नियमात ‘चालणं’ नाही, ‘एका जागेहून दुसरीकडे जाणं’ आहे, आणि त्यात हाताने ढकलायची व्हीलचेअरही धरतात. काकूंकडे ती नसली तरी ‘त्या वापरू शकतील’ असं ठरलं की ते ९ गुण गेले. म्हणून खांदे किंवा मनगटं दुखत असतील आणि चाकं ढकलणं जमणार नसेल, तर ते त्याच रकान्यात लिहा.

दुसरं, एकदा जमलं म्हणजे जमतं असं नाही. १०० मीटर गेल्यावर तासभर आडवं व्हावं लागत असेल, तर तसंच लिहा: किती अंतर, किती वेळात, मग काय होतं, पुन्हा कधी जमतं, आठवड्यातले किती दिवस असे जातात. जीपीच्या पत्रातही हेच यायला हवं. नुसती औषधांची यादी फारशी कामाची नाही.

मग फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर मुलाखत. बोलणारे डॉक्टर, नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट असतात. ते विचारतात, ‘दिवसभर काय करता?’ आपली माणसं म्हणतात, ‘बसते टीव्ही बघत.’ अहवालात येतं: तासभर बसू शकतात. मध्ये किती वेळा उठावं लागतं, हेही सांगायलाच हवं. ‘बरं आहे’ म्हणायची सवय त्या दिवशी घरी ठेवा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा आधीच मागा. मुलगा किंवा सून सांगायला बसली की आईचं दुखणं बऱ्याचदा सौम्य होऊन बाहेर पडतं, आणि लघवीवर ताबा नसण्यासारख्या गोष्टी तर निघतच नाहीत. त्या क्रियेला मात्र एकट्यानेच १५ गुण मिळू शकतात.

याच्या वरचा एक गट आहे, ज्यांच्याकडून कामाची तयारीही अपेक्षित नसते. त्याची यादी वेगळी, तिथे बेरीज नाही, एक निकष बसला तरी पुरे. उदाहरणार्थ, ५० मीटरच्या पुढे जाता न येणं. जादा पैसे मिळतात ते या गटाला. एप्रिल २०२६ पासून नव्याने येणाऱ्या बहुतेकांना ते महिना २१७.२६ पौंड आहेत, आधीच्यांपेक्षा जवळपास निम्मे. अखेरच्या आजारात असलेल्यांना आणि अतिगंभीर, कायमच्या आजारांच्या निकषात बसणाऱ्यांना जुना, मोठा दर राहतो.

निकाल मुलाखत घेणारे देत नाहीत, भत्ता देणाऱ्या सरकारी खात्यातला निर्णय अधिकारी देतो. पटला नाही तर निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे खात्याकडूनच निर्णयाचा फेरविचार, मागा, आणि मुलाखतीचा अहवाल, यूसी८५, मागवून ओळ न ओळ वाचा. ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही. कोणत्या क्रियेत किती गुण द्यायला हवे होते आणि का, ते लिहा. तिथेही नकार आला तर स्वतंत्र न्यायाधिकरणात अपील करता येतं. न्यायाधिकरण बघतं ते निर्णयाच्या दिवशी तुमची स्थिती काय होती. त्यामुळे नंतर आणलेलं डॉक्टरांचं पत्रही त्या काळाबद्दलच बोलणारं हवं. मधल्या काळात तब्येत आणखी ढासळली असेल, तर ते अपिलात घालू नका. परिस्थिती बदलल्याचं खात्याला वेगळं कळवा.