वेबर की स्पिका? जुन्या आल्फाचं पेट्रोल मोजतं कोण

नमस्कार मंडळी. टेबलावर उजवीकडे आहे तो वेबर, 40 डीसीओई कार्ब्युरेटर. डावीकडचा जड ठोकळा म्हणजे स्पिकाचा इंजेक्शन पंप. दोन्ही एकाच आल्फा रोमिओ इंजिनासाठी. युरोपातल्या आल्फाच्या 1750 या मॉडेलला कार्ब्युरेटर, आणि अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना 1969 पासून हा पंप, कारण तिथले धुराचे नियम कडक झाले होते.

आधी वेबर. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी मुळात फियाट 1100 च. सकाळी चोक ओढून ती सुरू केली असेल, तर कार्ब्युरेटर तुमच्या ओळखीचा आहे. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जाताना वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल वर खेचलं जातं. जास्त हवा, जास्त पेट्रोल. आल्फावर असे दोन वेबर, प्रत्येकाला दोन गळे, म्हणजे चार सिलिंडरना चार. दोघांची हवा सारखी लावणं हे कसबी हाताचं काम, पण जेट बदलायला फार हत्यारं लागत नाहीत.

(पंप जवळ घेऊन)

आता हा. गावाकडे ट्रॅक्टरचा पंप-नोझल दुरुस्तीला नेलेला पाहिलाय ना? तोच वंश. स्पिका या नावातला 'सी' म्हणजे कासानी. फ्रान्चेस्को कासानी, ज्याने 1927 मध्ये डिझेल ट्रॅक्टर बनवला आणि पुढे सामे ही ट्रॅक्टर कंपनी काढली. डिझेलच्या पंपाची विद्या इथे पेट्रोलला लावली आहे. आत चार प्लंजर, म्हणजे पेट्रोल ढकलणारे दट्टे, प्रत्येक सिलिंडरला एक. बाहेरून दात असलेला पट्टा क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, पंप फिरवतो.

पण किती पेट्रोल सोडायचं हे ठरवतो आतला एक कॅम. साधा गोल नाही, डोंगराच्या नकाशासारखा उंचसखल घडवलेला. एकीकडून ॲक्सिलरेटर आणि दुसरीकडून वेग ओळखणारा गव्हर्नर त्याची जागा बदलतात. त्या क्षणी कॅमवर जी उंची लागेल, तेवढं पेट्रोल.

इथे नीट लक्ष द्या, सगळा फरक इथेच आहे. वेबर हवेला विचारून पेट्रोल देतो. स्पिका हवा मोजतच नाही. हे इंजिन या वेगाला, इतक्या उघड्या थ्रॉटलला किती हवा घेणार, हे आल्फाच्या माणसांनी आधीच मोजून धातूत कोरून ठेवलं आहे. संगणक नाही, आणि तरी घाटात चढताना हवा विरळ झाली की दाबाची एक डबी मिश्रण सुधारून घेते. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट साधारण 2,750 मीटर उंच आहे. तिथे वेबर हमखास जास्त पेट्रोल पाजतो, स्पिका सावरून घेतो. मला हे आजही थक्क करतं.

मग लोकांनी हे पंप काढून वेबर का बसवले? बहुतेक वेळा एका छोट्या भागामुळे. इंजिनाच्या पाण्याची उष्णता ओळखणारा एक बल्ब (दिवा नव्हे, थर्मामीटरसारखी बंद कुपी) असतो, त्यातून बारीक नळी पंपापर्यंत येते. हा बल्ब गळला की पंपाला वाटतं, इंजिन अजून थंडच आहे. पेट्रोल भरमसाट, काळा धूर, काळे पडलेले प्लग. मेकॅनिकला कॅम दिसत नाही, दिसतो फक्त धूर, आणि दोष येतो पंपावर. मासेराती 3500 जीटीआय या गाडीचंही तसंच झालं. 1961 मध्ये तिला ल्यूकस या ब्रिटिश कंपनीचं इंजेक्शन मिळालं, आणि नंतर अनेक मालकांनी वेबर बसवले.

माझं मत स्पष्ट आहे. इंजिन मूळ असेल तर स्पिका ठेवा. इंजिनाचा कॅमशाफ्ट किंवा पिस्टन बदलले असतील तर वेबर, कारण पंपातला कोरलेला कॅम नव्या इंजिनाला ओळखत नाही आणि तो बदलणं जेट बदलण्याइतकं सोपं नाही. धूर येत असेल तर पंप उघडण्याआधी तो बल्ब तपासा. पेट्रोलचे फिल्टर बघा. पंपाला इंजिनाचंच ऑइल लागतं आणि त्याचा वेगळा छोटा फिल्टर असतो, तो बदलायचा बहुतेकांकडून राहून जातो.

आणि वेबर बसवलेच, तर काढलेला पंप भंगारात देऊ नका. प्लंजर कोरडे राहिले की गंजून अडकतात. आत ऑइल घाला, सगळी तोंडं बंद करा, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.