बोट हाय का इमान?

नमस्कार श्रोतेहो. रिमोटवरचं, पाण्यावरून उडणारं विमान घरी कसं जोडायचं, ते आज बोलू. 1910 साली फ्रान्समध्ये आंरी फाब्रनं पाण्यावरून इंजिनाचं विमान उडवलं. आपलं फोमचं, बॅटरीवरचं.

मोटर पंखाच्या वर, उंच बसवायची, म्हणजे प्रोपेलरवर पाणी कमी उडतं. रिमोटचे संदेश पकडणारा रिसीव्हर फुग्यात घालून तोंड घट्ट बांधा. बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधा. तोलाची जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश हिश्शावर हवी. आणि मोटर तपासताना प्रोपेलर काढलेला हवा. पुन्हा सांगतो, प्रोपेलर काढलेला! तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट दाखवते. ती चार्जिंगला लावून झोपू नका. चादरीवर ठेवून तर नाहीच, आणि चादर अस्सल सोलापुरी असेल तर मुळीच नाही. हल्ली सोलापुरी म्हणून काय काय गळ्यात मारतात, तो विषय वेगळा.

तर माझं पहिलं विमान. पहाटेच सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर गेलो. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, पूर्ण दिला. विमान सुसाट निघालं, पण पाणी काही सोडेना. सरळ नेलं, वाऱ्याच्या तोंडावर नेलं, तेच. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारे एक मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काय ओ सर, बोट हाय का इमान?"

बॅटरी संपली, विमान मधेच तरंगत राहिलं. मामांनीच तराफा वल्हवत नेला आणि ते पालथं धरून आणून दिलं. तेव्हा दिसलं. विमानाच्या बुडाला मध्यावर एक पायरी असते, तोलाच्या जागेच्या जरा मागे. वेगात तिच्या मागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते. पाणी झिरपू नये म्हणून मी शहाण्यानं त्या पायरीवरून पुढून मागे चिकटपट्टी ताणून बसवली होती! बूड कसं गुळगुळीत, आणि पाण्यानं ते धरून ठेवलेलं.

पट्टी टराटरा सोलली, दुसरी बॅटरी घातली. चाळीसएक पावलांत विमान वर! मी ओरडलो, मामांनी जाळं सोडून टाळ्या वाजवल्या.

उतरवून सामान आवरत होतो, तर मामा परत आले. "सर, ती पट्टी उरली असंल तर द्या की. थर्माकोल उकलाय लागलंय."