पसरणी घाटातला लुकलुकणारा दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या गाड्यांची पसरणी घाटात रीघ लागते, आणि एखाद्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी हमखास दिसते. साताऱ्यात गॅरेज चालवताना अशा कितीतरी गाड्या मी टोचन लावून आणल्यात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं असतं. हे मला फार लागतं, कारण आत लहान पोरं असतात, म्हातारी माणसं असतात.

असंच एक कुटुंब आठवतं. मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा आठ दिवस लागलेला. मालकांनी कुठंतरी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं आणि पुसणारं यंत्र, लावून तो घालवून घेतला आणि गाडी घाटाला लावली. चौथ्या-पाचव्या वळणावर दिवा पुन्हा आला, आणि या वेळी लुकलुकायला लागला. गाडी हिसके देत होती, पिकअप गेला होता. "आता थोडंच राहिलंय" म्हणून त्यांनी ती तशीच दुसऱ्या गिअरवर रेटली.

आम्ही स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०३. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा बिघाड. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड. मग तीन, म्हणजे इग्निशनची, ठिणगीची बाजू. आणि शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय, नीट पेट घेत नाहीये. तिसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, उपसून उजेडात धरली, तर रबरी टोपीवर केसाएवढी भेग आणि भेगेच्या कडेनं पांढरट रेघ. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती, तिथूनच बाहेर पळत होती.

बिघाड एवढासाच. पण तिसऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल पुढं सायलेन्सरकडे जातं आणि तिथल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते, धुराची वाट बंद होते, इंजिन घुसमटतं. कॉइलवर भागलं असतं, तिथं कन्व्हर्टर बदलावा लागला.

म्हणून पिवळा दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत या, पण लांबवू नका. लाल दिव्याची गोष्ट वेगळी. तेलाच्या किटलीचं लाल चित्र दिसलं की गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा. ऑइलचं प्रेशर गेलं की बेअरिंग काही मिनिटांत खाल्ली जातात. गाडी हीट झाली तरी तेच करा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

एक कोड मी कधीच हलक्यात घेत नाही, तो पी ०३३५. क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन कसं फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरचा. हा सेन्सर जायला लागला की इंजिन तापल्यावर गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासानं, जणू काही झालंच नाही अशी, चालू होते. माणूस विसरून जातो. पुढच्या वेळी ती रात्री हायवेवर ट्रकच्या पुढ्यात बंद पडेल.

कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल, नाहीतर दमलेला पेट्रोल पंप. कोड बघून थेट पार्ट बदलणाऱ्याला थांबवा, "तपासून दाखवा" म्हणा. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटोही काढून घ्या. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, हे गाडीनं सोबत लिहून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही पुसलं जातं.

आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. इंजिन चालू न करता किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा. तो पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवून लागलाच नाही, तर कुणीतरी तो झाकलाय किंवा काढलाय असं धरून चाला. बयाणा खिशातच राहू द्या आणि आधी स्कॅनर लावून घ्या.

नमस्कार.